ट्रक बाजूला होत नाही

तलासरी नाक्यावर बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा, हवेचा कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून बघायला पाण्याची अर्धी कापलेली टाकी आणि दर्शनी खांबाला टांगलेला एक झिजलेला टायर. टायरच्या एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला गुजरातीत 'पंक्चर' लिहिलेलं, कारण पुढे आच्छाडची हद्द ओलांडली की गुजरात सुरू. मुंबई-अहमदाबाद रस्ता दुकानापासून दहा पावलांवर होता आणि आमचं घर दुकानाच्या मागे. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून पडलं की भरलेल्या ट्रकची थरथर पाठीला कळायची. गाडी रिकामी आहे की भरलेली, हे मला न बघता सांगता यायचं. नंबरपाटीची अक्षरं शाळेत जायच्या आधी पाठ झाली होती. जीजे गुजरातचा, आरजे राजस्थानचा, एचआर हरियाणाचा, डीएन सिल्वासाकडचा. आमच्या गाड्या तेव्हा ठाण्याच्या, एमएच ०४.

पण या रस्त्यावरून आम्ही लांब कधी गेलो नव्हतो. रस्त्याकाठच्या माणसासाठी हायवे ही ओलांडायची गोष्ट असते. शाळा पलीकडे, विहीर पलीकडे, किराणा पलीकडे. तेव्हा रस्ता दोन पदरी होता, मध्ये दुभाजक नव्हता, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या अंगावर आल्यासारख्या यायच्या. दप्तर घेऊन निघालो की बाबा हातातली टामी खाली ठेवून आमच्याबरोबर कडेपर्यंत यायचे आणि रोज एकच वाक्य बोलायचे. "ट्रक बाजूला होत नाही. आपण व्हायचं."

दिल्ली आणि मुंबई यांच्यामधलं सगळं जग आमच्या दारावरून जात होतं आणि आम्ही ते कडेला उभं राहून बघत होतो. स्टिअरिंग हातात धरणारी माणसं वेगळी होती. ती आमच्याकडे थांबायची, चहा प्यायची, टायर निघून परत बसेपर्यंत बाकावर आडवी व्हायची आणि पुन्हा निघून जायची.

हायवे माझ्या हातात पहिल्यांदा आला तो डहाणूला. वर्ष १९९४, मी दहा वर्षांचा, उन्हाळ्याची सुट्टी.

मामा डहाणूला इराणी रोडच्या बाजूला राहायचा आणि चिकूच्या वाडीत कामाला होता. सुट्टीत एसटीने त्याच्याकडे जायचं, सकाळी वाडीत चिकू निवडायला मदत करायची, दुपारी पारनाक्याला समुद्रावर पडून राहायचं, असा क्रम ठरलेला. त्या वर्षी मामेभाऊ मला स्टेशनजवळच्या एका वह्या-पेनांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. आत अंधार होता. एका स्टुलावर टीव्ही, त्याखाली खोक्याएवढा डबा, डब्यातून निघालेले दोन वायरवाले रिमोट आणि समोर सतरंजीवर बसलेली पंधरा-वीस पोरं. एका रुपयाला दहा मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं आणि दुकानदाराची आई त्याच्याखाली बसून वेळ मोजायची. तिच्या हिशेबात एका मिनिटाचीही चूक झालेली मी कधी पाहिली नाही.

मामेभावाने पिवळी कॅसेट डब्यातून उपसली, तिच्या खालच्या पट्टीवर फुंकर मारली आणि परत खोचली. निळा पडदा, इंग्रजी यादी, आणि मग एक रस्ता. करडा, सरळ, वरून दिसणारा. त्यावर एक लाल गाडी. खेळाचं नाव 'रोड फायटर'.

या खेळाचं आणि माझं जन्मवर्ष एकच, हे मला फार पुढे कळलं. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८४ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी काढला. पुढच्याच वर्षी तो निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्रावर आला. आपल्याकडे पोचले ते फॅमिकॉमसारखे बनवलेले स्वस्त डबे. कुणावर 'सामुराई' लिहिलेलं, कुणावर 'लिटल मास्टर'. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असायचा आणि आत तेच पंधरा-वीस खेळ पुन्हा पुन्हा यायचे. त्यात मारिओ असायचा, रणगाड्यांचा खेळ असायचा आणि रोड फायटर हमखास असायचा.

गाड्यांचे आर्केड खेळ त्याच्याही आधीपासून होते. अमेरिकेत अटारी कंपनीने १९७४ मध्ये 'ग्रॅन ट्रॅक १०' काढला, त्या यंत्राला खरंखुरं स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल होतं. १९८२ मध्ये नामको कंपनीचा 'पोल पोझिशन' आला. त्यात रस्ता वरून न दिसता चालकाच्या मागून दिसू लागला, आणि शर्यतीला उभं राहण्याआधी एक फेरी ठरलेल्या वेळेत पुरी करून दाखवावी लागायची. अशी यंत्रं कपाटाएवढी मोठी आणि तशीच महाग. ती मुंबईपर्यंत आली. डहाणूच्या मागच्या खोलीत आला तो वायरवाला रिमोट, आणि त्यावर स्टिअरिंगऐवजी अंगठ्याखाली येणारी एक फुली.

तेवढी पुरली. एक बटण दाबलं की गाडी बेताने चालायची, दुसरं दाबलं की आकडा चढत चढत ४०० वर जायचा. ताशी चारशे किलोमीटर. आमच्या दारावरून जाणारा सगळ्यात उतावळा ट्रकवालाही त्याच्या पाव वेगाने जात नसेल. पहिल्या खेपेला माझी गाडी चार सेकंदांत कठड्याला लागून फुटली. पण त्या चार सेकंदांत मी कडेला उभा नव्हतो. मी रस्त्यावर होतो.

पुढे दोन महिने रोजचा रुपया तिथे गेला. खेळ समजत गेला तसा त्यातला शहाणपणाही दिसत गेला. त्यात जीव मोजत नाहीत, पेट्रोल मोजतात. पडद्याच्या कडेला पेट्रोलचा आकडा असतो आणि तो सुरुवातीपासून कमीच होत जातो. गाडी आपटली, फुटली, तरी डाव संपत नाही. ती पुन्हा रस्त्यावर येते. फक्त त्यात पेट्रोल गेलेलं असतं आणि वेग शून्यापासून चढवावा लागतो. म्हणून हळू चालवून वाचता येत नाही, कारण मुक्कामाआधी पेट्रोल संपतं. आणि अंदाधुंद चालवूनही वाचता येत नाही, कारण प्रत्येक धडकेत ते आणखी आटतं. या दोहोंच्या मधली जी रेघ आहे ती शोधणं म्हणजे रोड फायटर.

दुसरं, रस्त्यावरच्या गाड्यांचे स्वभाव ठरलेले होते. पिवळ्या गाड्या आपल्या रेषेत सरळ जायच्या. निळ्या आपली वाट अडवायला बाजू बदलायच्या. कधीतरी रंग बदलत चमकणारी गाडी यायची. आम्ही तिला 'कलर गाडी' म्हणायचो. तिला लागलं की पेट्रोल वाढायचं. रस्त्यावर कुठे तेल सांडलेलं असायचं. आणि ट्रक असायचे. छोट्या गाडीला घासलं तर आपली गाडी वाकडीतिकडी घसरायची, पण वेळेत बरोबर बाजूला दाबलं तर सावरायची. ट्रकला लागलं की सावरायला वावच नसायचा. फुटलीच.

तिसरं, न आपटता बराच वेळ नीट चालवलं तर कडेने एक छोटा माणूस उडत जायचा आणि गुण वाढायचे. तो कंपनीचा 'कोनामी मॅन'. आम्हाला तो सुपरमॅन वाटायचा. तो दिसला की अख्खी खोली ओरडायची, आणि दुकानदाराची आई घड्याळावरची नजर काढून क्षणभर पडद्याकडे बघायची.

या खोलीत खेळणारा एक आणि बघणारे वीस असायचे, आणि बघणारेही तेवढेच खेळत असायचे. "डावीकडे, डावीकडे!" "कलर गाडी सोडू नकोस!" "ट्रक आला!" गाडी कडेला घासली की वीस खांदे एका बाजूला झुकायचे. हायवेच्या कडेला उभं राहून बघण्यात जन्म गेलेल्या पोराला हे नवीन होतं. इथे बघणाऱ्याचंही ऐकलं जात होतं.

सुट्टी संपवून तलासरीला परत आलो तेव्हा माझ्या वर्गात एक वारली मित्र होता, हायवेच्या पलीकडच्या पाड्यावरचा. त्याला मी जमिनीवर काडीने रस्ता काढून खेळ समजावून सांगितला. गाड्या म्हणजे चौकोन, ट्रक म्हणजे लांब चौकोन. मला वाटलं होतं, वरून दिसणारा रस्ता म्हणजे काय हे त्याला सांगताना वेळ लागेल. त्याला ते लगेच कळलं. त्याच्या घराच्या भिंतीवर लग्नाच्या वेळी काढलेली चित्रं होती, तांदळाच्या पांढऱ्या रंगातली. तारपा वाजवणारा मध्ये, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. त्या चित्रात माणूस समोरून किंवा बाजूने दिसतो, पण नाचाचं वेटोळं मात्र आकाशातून बघावं तसं दिसतं. शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांची चित्रं बघताना मला आजही वाटतं की आमच्या भागातल्या पोरांना रोड फायटर लवकर जमला याचं एक कारण त्या भिंतींवर होतं. वरून बघायची सवय आमच्या घराघरांत होती.

त्या मित्राने खरा खेळ पाहिला तो पुढच्या चैत्रात, महालक्ष्मीच्या यात्रेत. चारोटीजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आहे, हायवेला लागूनच. चैत्री पौर्णिमेपासून पंधरवडाभर तिथे यात्रा भरते. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, शिवाय गुजरातेतूनही माणसं येतात. सुकी मासळी, मसाले, कोयते, पाट्या-टोपल्या, बांगड्या, पाळणे. आमच्यासाठी दोनच ठिकाणं महत्त्वाची. एक मौत का कुआँ, फळ्यांच्या उभ्या विहिरीत फटफटी आणि गाडी गरागरा फिरवणारे. दुसरं, ताडपत्रीच्या मांडवात जनरेटरवर चालणारे तीन टीव्ही, प्रत्येकाखाली तोच डबा.

बाबा आम्हा दोघांना घेऊन गेले होते. मित्राने रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच डावात पहिला टप्पा पार केला. मी थक्क झालो. तो बटण सोडत नव्हता आणि घाबरतही नव्हता. दुसऱ्या टप्प्यात रस्ता अरुंद झाला, समोर ट्रक आला, आणि आमच्या मागे उभे असलेले बाबा, ज्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेम पाहिला नव्हता, सवयीने मोठ्याने म्हणाले, "ट्रक बाजूला होत नाही!" मित्राने गाडी उजवीकडे काढली. ट्रक मागे गेला. मांडवातल्या कुणाला त्या वाक्याचं विशेष वाटलं नाही. मला मात्र त्या क्षणी पडद्यावरचा रस्ता आणि घरासमोरचा रस्ता एकच झाल्यासारखे वाटले.

स्टिअरिंगवालं यंत्र मला भेटलं ते १९९८ मध्ये, मुंबईत एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो तेव्हा. एका गेम पार्लरमध्ये 'आउटरन' होतं. सेगा कंपनीचा १९८६ चा खेळ, यू सुझुकी यांनी रचलेला. उघड्या टपाची लाल गाडी, शेजारी बसलेली मैत्रीण, निळा समुद्र आणि माडांची रांग. सुरू करण्याआधी गाडीतल्या रेडिओवर कोणतं गाणं लावायचं ते आपण निवडायचं. चाली हिरोशी कावागुची यांच्या. या खेळात कुणाला हरवायचं नसतं. ठरलेल्या वेळेत पुढच्या ठाण्याला पोचायचं, की वेळ वाढवून मिळते. शेवटचा सोडून प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस रस्त्याला फाटा फुटतो, डावा घ्या नाहीतर उजवा. एका प्रवासात पाच टप्पे, पण फाट्यांमुळे एकूण पंधरा प्रदेश आणि पाच वेगवेगळे शेवट.

मी टोकन टाकलं, आसनावर बसलो आणि स्टिअरिंग धरलं. पाय पेडलपर्यंत पोचत होते. समुद्राकाठच्या त्या रस्त्यावरून गाडी निघाली तेव्हा मला दुसरं काही आठवलंच नाही, बोर्डीचा किनारा आठवला. डहाणूहून घोलवड-बोर्डीकडे जाणारा रस्ता, एका बाजूला सुरूची झाडं, त्यांच्या फटींतून दिसणारं पाणी, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. जपानी माणसाने काढलेल्या त्या रस्त्यावर मी आमच्याच किनाऱ्याने निघालो होतो. तिसऱ्या टप्प्यात वेळ संपली. उतरलो तेव्हा हात थरथरत होते.

आउटरन फार देखणा खेळ आहे. लोक आजही तो शोधून खेळतात ते त्यातल्या मोकळेपणासाठी, संगीतासाठी, कुठेही न अडता पुढे जात राहण्याच्या आनंदासाठी. सुट्टीवर निघालेल्या माणसाचा तो रस्ता आहे. रोड फायटर हा कामावर निघालेल्या माणसाचा रस्ता आहे. मोजकं पेट्रोल, अरुंद वाट, आडवे येणारे इतर, आणि वेळेत पोचणं भाग. मी दोन्ही रस्ते खेळलो, दोन्ही मला आवडतात. पण जो रस्ता मला ओळखीचा वाटला तो दुसरा.

आता तीस वर्षं झाली. हायवे आधी सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी झाला, मग सहापदरी. मध्ये दुभाजक आला, उड्डाणपूल आले. आठ नंबरचा रस्ता ४८ नंबरचा झाला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आमच्याकडच्या नव्या गाड्यांची पाटीही आता एमएच ४८, आणि रस्त्याचा नंबरही ४८; हा निव्वळ योगायोग, पण आमच्या पोरांना तो लक्षात ठेवायला सोपा जातो. घोडबंदरपासून तलासरीपर्यंत रस्त्यावर काँक्रीटचा थर चढला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हद्दीवर विक्रीकरासाठी लागणाऱ्या ट्रकच्या रांगा आटल्या. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत मुंबईची लोकल येते. तालुक्यातून मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग निघाला, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले. जग अजूनही आमच्या दारावरूनच जातं, फक्त पूर्वीपेक्षा फार वेगाने जातं.

डहाणूची ती मागची खोली आता नाही. दुकान मोबाइलचं झालं. पोरांच्या हातात फोन आहेत आणि फोनमध्ये गाड्यांचे इतके खेळ आहेत की नावं संपत नाहीत. माझा पुतण्या 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' खेळतो. त्यातल्या बसला त्याने आपल्या लालपरीचा रंग चढवला आहे. तो प्रवासी घेतो, आरसा बघतो, सिग्नलला थांबतो, वळताना दिवा देतो. मी शेजारी बसून बघतो तेव्हा मला त्याचा हेवा वाटतो. त्याला पहिल्याच खेळात रस्त्याचे नियम मिळाले.

गेल्या वर्षी याच महालक्ष्मीच्या यात्रेत त्याला एक हातात मावणारा चारशे खेळांचा गेम घेऊन दिला. त्याने यादी चाळली, दोन-चार खेळ उघडून बंद केले आणि एका ठिकाणी थांबला. करडा रस्ता, लाल गाडी. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने मान वर करून म्हणाला, "काका, यात ट्रकला लागलं की मरतोच."

मग वाटलं, हा खेळ का टिकला याचं उत्तर फार लांब नाही. तो समजायला भाषा लागत नाही. वारली पाड्यावरच्या पोराला, गुजराती ड्रायव्हरला, जपानी मुलाला तो एका डावात कळतो. तो संपवायला दिवस लागत नाहीत. फॅमिकॉमवर त्याचे चारच टप्पे आहेत. हात बसला की सगळा खेळ काही मिनिटांत पुरा होतो, आणि तरी पुन्हा खेळावासा वाटतो, कारण प्रत्येक खेपेला चूक आपली असते. मशीनने फसवलं असं कधी वाटत नाही. गाडी फुटली तेव्हा आपण बटण सोडायला हवं होतं, हे आपल्याला माहीत असतं. एवढा प्रामाणिक खेळ जुना होत नाही.

मात्र एक गोष्ट त्या खेळाने आम्हाला शिकवली नाही, आणि ती सांगायलाच हवी. पडद्यावर फुटलेली गाडी परत येते.

४ सप्टेंबर २०२२ ला, रविवारी दुपारी, चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्याला धडकली आणि टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे स्नेही जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघंही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या सीटवरचे दोघं वाचले. देशभर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा झाली. आमच्यासाठी तो पूल म्हणजे ओळखीची जागा. जिथे मी मित्राला ताशी चारशेच्या वेगाने ट्रक चुकवताना पाहिलं, तो मांडव तिथून जवळच लागायचा. त्या दिवशीची बातमी देशाला कळली कारण माणूस मोठा होता. पण या पट्ट्यात मोटारसायकलवरून, टमटममधून, पायी ओलांडताना जी माणसं गेली, ती आमची होती आणि त्यांची नावं फक्त पाड्यावर माहीत आहेत. माझ्या वर्गातली दोन मुलं त्यात आहेत. मी शाळेत शिकवतो. हजेरीपटावरून नाव काढताना हात कसा होतो ते मला माहीत आहे.

म्हणून आठवणीत रमताना मला वेगाचं कौतुक करवत नाही. चारशेचा आकडा पडद्यावर शोभतो. रोड फायटरमधलं जे खरं आहे ते वेगात नाही. पेट्रोल मोजकं आहे हे भान, इतरांच्या रेषेचा अंदाज, घसरलं तर सावरण्याची शांतता आणि मोठ्याला वाट देण्याची तयारी, हे त्यातलं खरं. हे चार गुण घेऊन माझा तो वारली मित्र गेली अठरा वर्षं ट्रेलर चालवतो, न्हावाशेवाहून वापीपर्यंत, कधी पुढे सुरतेला. एकदाही मोठा अपघात नाही. मी त्याला विचारलं, यात्रेतला तो पहिला डाव आठवतो का. म्हणाला, "डाव नाही आठवत. बाबांचा आवाज आठवतो. आता तर ट्रक मीच आहे. म्हणून छोट्यांना बघून मीच बाजू देतो."

बाबांच्या वाक्याला मिळालेलं हे उत्तर मी त्यांना सांगितलं. ते खुर्चीत बसून होते. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मित्राची गाडी दुकानासमोर थांबली तेव्हा उठून त्याच्यासाठी स्वतः चहा सांगून आले.

दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. टायर खोलायला मशीन आलं, बिनट्यूबच्या टायरची पंक्चर चाक न काढता निघते, पण ट्रकची दुहेरी चाकं अजून जॅक लावून, पाना मारून, घाम गाळूनच उतरवावी लागतात. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरून मी खेळाचा एक जुना डबा काढला. कॅसेट फुंकली, चालली. भावाने तो दुकानातल्या बाकासमोर एका जुन्या टीव्हीला जोडून दिला. रात्रभर गाडी हाकून आलेले ड्रायव्हर बाकावर बसतात, हरियाणाचे, राजस्थानचे, बिहारचे. तिशी-चाळिशीतले बहुतेक जण पडदा बघून हसतात आणि म्हणतात, अरे, हा तर आमच्या गावातही होता. मग रिमोट हातात घेतात. क्लीनर शेजारी उभा राहून ओरडतो. नाक्यावरची पोरं गोळा होतात. एक खेळतो, दहा बघतात.

या रस्त्याने जाणार असाल तर आमच्याकडे थांबा, किंवा चारोटीला थांबा, कुठेही थांबा. मागे बसलेल्यांना पट्टा लावायला सांगा, हेल्मेट डोक्यात घाला, कडेला दप्तर घेऊन उभं असलेलं पोर दिसलं तर वेग उतरवा. त्याला हायवे फक्त ओलांडायचा आहे. आणि कुणाच्या माळ्यावर तो पिवळ्या कॅसेटचा डबा पडून असेल तर खाली उतरवा, पोराच्या हातात रिमोट द्या आणि तो खेळत असताना शेजारी बसा. ट्रक आला की सांगायला कुणीतरी लागतं.

ट्रकचं एक चाक उतरवून, पंक्चर काढून परत बसवायला आजही अर्धा तास लागतो. तेवढ्यात रोड फायटरचे चारही टप्पे होतात.